एमआरआयनंतर गॅडोलिनियम ‘हाय’ आले, तर घाबरायचे का?

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मिळ मृदा धातूंच्या (रेअर अर्थ) निर्यातीवर नियंत्रण आणले. चर्चा झाली ती मोटारींची आणि चुंबकांची. पण त्या सातांत गॅडोलिनियमही होते. एमआरआयच्या वेळी शिरेतून दिल्या जाणाऱ्या कॉन्ट्रास्ट इंजेक्शनमध्ये हाच धातू असतो.

अलीकडेच एक गृहस्थ लघवीचा रिपोर्ट घेऊन आले. मेंदूतील गाठीसाठी एमआरआय झाला आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी ‘हेवी मेटल’ तपासणी करून घेतली. गॅडोलिनियमपुढे लाल अक्षरात ‘हाय’. कुणीतरी ‘डिटॉक्स’साठी चिलेशनचे सलाइन सुचवले होते. पुढचा एमआरआय रद्दच करा, असे ते म्हणत होते.

मोजतात कसे?

दुर्मिळ मृदा धातू एकूण १७. त्यांचे रासायनिक गुणधर्म इतके सारखे की खनिजात ते एकत्रच सापडतात आणि वेगळे करणे जिकिरीचे असते. म्हणून आज मुख्यतः ‘आयसीपी-एमएस’ हे यंत्र वापरतात. नमुना हजारो अंश तापलेल्या आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात फवारला जातो. रेणू तुटतात, अणूंवर विद्युतभार येतो आणि वस्तुमानानुसार त्यांची मोजणी होते. अत्यल्प मात्राही यात सापडते.

मग चूक कुठे होते?

*वस्तुमान जुळते.* प्रेसिओडिमियम (१४१) आणि ऑक्सिजन (१६) जोडले गेले की बेरीज १५७ होते. गॅडोलिनियमच्या एका समस्थानिकाचे वस्तुमानही १५७ च आहे. मिश्रण मोजताना प्रयोगशाळेला ही दुरुस्ती करावी लागते.

*गॅडोलिनियम इतर चाचण्या बिघडवते.* दुहेरी भार आलेले गॅडोलिनियम यंत्राला सेलेनियमसारखे दिसते, त्यामुळे सेलेनियम खोटेच जास्त येऊ शकते. काही जुन्या प्रकारच्या कॉन्ट्रास्टमुळे रक्तातले कॅल्शियमही खोटे कमी दिसते. म्हणूनच धातूंच्या तपासणीसाठी कॉन्ट्रास्टनंतर ९६ तास थांबायला सांगितले जाते.

*यंत्र एकूण धातू मोजते, त्याचे रूप नाही.* हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. सुटे गॅडोलिनियम विषारी असते. इंजेक्शनमध्ये ते दुसऱ्या रेणूने घट्ट धरून ठेवलेले असते. प्लाझ्मात तो रेणूच तुटतो, त्यामुळे रिपोर्टवरून सुटे किती आणि बांधलेले किती, हे कळत नाही. त्यासाठी आधी क्रोमॅटोग्राफीने दोन्ही वेगळे करावे लागते; नेहमीच्या तपासणीत हे होत नाही.

‘हाय’चा खरा अर्थ

संदर्भमूल्ये कॉन्ट्रास्ट न घेतलेल्या लोकांची असतात. किडनी चांगली असेल तर बहुतेक औषध २४ तासांत लघवीवाटे जाते. उरलेले थोडे पुढेही निघत राहते. म्हणजे या गृहस्थांचा ‘हाय’ विषबाधा सिद्ध करत नव्हता. किडनी आपले काम करत होती, एवढेच तो सांगत होता.

खरा धोका कोणाला?

किडनी गंभीररीत्या बिघडलेल्यांना. त्यांच्यात त्वचा व अवयव कडक होण्याचा आजार (एनएसएफ) होऊ शकतो. गॅडोलिनियमशी त्याचा संबंध २००६ मध्ये पुढे आला. धातू मेंदूत अल्प प्रमाणात साठतो, हेही खरे. म्हणून २०१७ मध्ये युरोपने पकड सैल असलेली काही ‘लिनियर’ औषधे थांबवली. अमेरिकेच्या एफडीएने त्याच वर्षी इशारा दिला. मात्र किडनी चांगली असलेल्यांत या साठ्याचा थेट अपाय सिद्ध झाला नसल्याचेही सांगितले. ‘मॅक्रोसायक्लिक’ औषधांची पकड अधिक घट्ट असते.

तुम्ही काय करावे?

- एमआरआयआधी किडनीचा आजार, गर्भारपण आणि पूर्वीची ॲलर्जी सांगा.
- कोणते कॉन्ट्रास्ट दिले, त्याची नोंद मागून घ्या.
- लक्षणे नसताना स्वतःहून धातूंची तपासणी करू नका.
- केवळ रिपोर्टवरून चिलेशन घेऊ नका. त्यातील काही औषधांनी कॅल्शियम धोकादायकरीत्या घसरू शकते.

निर्यातीची बातमी पुरवठ्याची आहे, विषारीपणाची नाही. त्या गृहस्थांचे क्रिएटिनिन नॉर्मल होते. चिलेशन त्यांनी टाळले आणि पुढच्या एमआरआयची तारीख कायम ठेवली. गाठ वाढली की नाही, हे कळणे त्यांच्यासाठी लघवीतल्या आकड्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.