आधी रिंग, मग गाळ



2025 च्या ऑगस्टात मुखेड तालुक्यात पुराचं पाणी गावांत शिरलं. सप्टेंबरात मांजरा, तेरणा, गोदावरीनं काठ सोडला. सोयाबीन गेलं, माती खरडली, ते सगळ्यांना दिसलं. विहिरींचं नुकसान मात्र पाण्याखाली झाकून राहिलं. आता उन्हाळा तोंडावर आलाय, पाणी खाली चाललंय अन् नांदेड-लातूरच्या शिवारात फुटलेल्या रिंगा उघड्या पडायलेत. अन् जो तो यारीवाल्याला फोन लावायलाय, "गाळ कधी काढतो?"

माझं म्हणणं एवढंच हाय, की रिंग फुटली असंल तर आधी गाळाला हात लावू नका.

आपल्याकडं वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या अन् शेवटी काळा पाषाण. पाषाण स्वतः उभा राहतो, त्याला आधार लागत नाही. वरची माती मात्र पावसात फुगते, उन्हात आकसते, भेगाळते. तिला धरून ठेवायला वरच्या थरात सिमेंटची रिंग टाकतात. पुरात रिंगमागची माती पाण्यानं गच्च होते. आत पाणी हाय तोवर दोन्हीकडून दाब सारखा राहतो. आपण मोठी मोटार लावून एका दिवसात विहीर कोरडी केली, की आतला आधार गेला अन् मागचा दाब तसाच राहिला. मग पुरात टिकलेली रिंगसुद्धा उपसा करताना आत येते.

गाळाचंही तसंच हाय. फुटक्या रिंगखाली भरलेला गाळ त्या दरडीला टेका देऊन उभा असतो. तो काढायला माणसं खाली उतरवली, तर वर लटकलेलं काँक्रीट त्यांच्या डोक्यावर असतं. मातीचा ढिगारा खाली आला तर वर ओढायला वेळ मिळत नाही. शिवाय गाळ भरलेला असला की त्याच्यावर पाट्या टाकून गवंडी फुटक्या जागेपर्यंत पोचतो. गाळ काढल्यावर तेच काम अधांतरी पाळणा बांधून करावं लागतं. धोका वाढतो अन् खर्चही.

काम असं करावं. पाणी रोज थोडं थोडं उतरवा. तडे बघा. ढिली काँक्रीट वरूनच पाडा. जुनी सळई उघडी करून तारेच्या ब्रशनं गंज काढा. नवी सळई जुन्या सळईवर नुसती टेकवू नका. 10 मिलीमीटरची सळई असंल तर किमान पावणेदोन फूट एकमेकींवर चढवून बांधा. जुन्या काँक्रीटला पाणी मारून सिमेंटचं दूध लावा, मग नवा माल ओता. मागं जी पोकळी झालीय ती काळ्या मातीनं भरू नका. दगड, गिट्टी, मुरूम टाका. रिंगमध्ये जागोजाग पाइपचे तुकडे घालून पाझराची भोकं ठेवा, म्हणजे मागचं पाणी आत येईल, दाब धरणार नाही. ओलं गोणपाट आठ-दहा दिवस ठेवा. मगच गाळ. रिंग बरीच हललेली असंल, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय कुणाला खाली उतरवू नका.

आता पैशाचं बोलू. ऑक्टोबर 2025 च्या सरकारी पॅकेजमध्ये विहिरीला 30 हजार रुपये धरले. गाळ भरलेली असो का खचलेली, दोघींना एकच भाव. हिशोब करून बघा. 20 फूट व्यासाची विहीर, 5 फूट उंचीची अन् 6 इंच जाडीची एक रिंग. तिला सिमेंटची 35 पोती अन् अडीच क्विंटल सळई लागते. पोतं 350 नं अन् सळई 60 रुपये किलोनं धरली, तरी 27 हजार तिथंच गेले. वाळू, गिट्टी, सेंट्रिंगच्या प्लेटा, मजुरी, यारी, सगळं अजून बाकी. म्हणून शेतकरी काय करतो? त्या पैशात बसतं तेवढं काम करतो, म्हणजे नुसता गाळ काढतो. धोक्याचं काम आधी व्हायलंय, गरजेचं मागं राहायलंय.

सरकारला दुरुस्तीचा खर्च माहीत नाही असं नाही. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना हाय. तिच्यात जुनी विहीर दुरुस्तीला आधी 50 हजार होते, ते वाढवून 1 लाख केले. चांगलं केलं. मग पुरात खचलेल्या विहिरीला 30 हजार कोणत्या हिशोबानं? रोजगार हमीतून नव्या विहिरीला 2022 साली 4 लाखांपर्यंत धरले होते. पाणी असलेली जुनी विहीर एक-दीड लाखात वाचत असंल, तर तिला मरू देऊन शेजारी नवी खांदण्यात कुणाचं भलं हाय?

काही जण म्हणतात, विहिरीचं सोडा, बोअर घ्या. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा बोअर काही कमी नव्हते. एका चांगल्या पावसात डोळ्यांदेखत भरते ती विहीरच.

ज्यांची रिंग शाबूत हाय त्यांनीही पावसाळ्याआधी चार कामं करावीत. रिंगचा काठ जमिनीच्या वर दोन-तीन फूट असावा. भोवती चार फूट मुरूम दाबून बाहेरच्या बाजूला उतार द्यावा, म्हणजे काळ्या मातीच्या भेगांतून पाणी रिंगमागं उतरणार नाही. फटीत उगवलेला पिंपळ-उंबर बोटाएवढा असतानाच काढावा. तडा दिसला तर त्याच्या दोन्ही टोकांना रंगानं खूण करून तारीख लिहावी. पुढच्या महिन्यात तडा खुणेच्या पुढं गेला, तर रिंग हलायली समजा.

सहायक कृषी अधिकारी अन् अभियंता मंडळींना एक विनंती. पंचनाम्यात नुसतं "विहीर बाधित" लिहू नका. रिंग किती फूट गेली, ते टेप लावून लिहा. मागणी करायची तर आकडा हातात पाहिजे.

तुमच्या विहिरीची रिंग कशी हाय, ते कमेंटमध्ये फोटोसह टाका. अन् गाळ काढायला माणूस उतरवण्याआधी एकदा वर बघा.