बाळासाठी उभारलेले निशाण

जुन्या जपानी निशाणांचे चित्र प्रथम पाहिले की माणूस जरा दचकतोच. उभे, अरुंद, पुरुषभराहून कितीतरी उंच सुती कापड. त्यावर बटबटीत डोळ्यांचा, दाट दाढीचा एक उग्र पुरुष तलवार उपसून उभा. हे लढाईचेच निशाण, असे वाटते. प्रत्यक्षात ते एखाद्या तान्ह्या मुलासाठी दारात उभारलेले असते!

या निशाणाला 'नोबोरी' म्हणतात. पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी 'तांगो नो सेक्कु' हा मुलग्यांचा सण येई. या दिवशी छपराच्या कडेला वेखंडाची पाने खोचायची, ती घातलेल्या पाण्याने अंघोळ करायची, म्हणजे रोगराई दूर राहते, ही मूळ समजूत. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत असते तेच हे वेखंड. जपानीत त्याला 'शोबु' म्हणतात आणि 'शौर्याचा आदर' या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही तोच. पाने तर तलवारीसारखीच. सामुराई घराण्यांना हा सण आपला वाटला, यात नवल नाही. दारापुढे त्यांची निशाणे झळकू लागली. एदो काळात (१६०३ ते १८६८) शहरातले व्यापारी आणि कारागीरही त्यांचे अनुकरण करू लागले.

निशाण रंगवणे हे कसबाचे काम. आपल्या मेंदीच्या कोनासारख्या कागदी नळकांड्यातून तांदळाची खळ दाबून कापडावर रेघा ओढायच्या. मधल्या जागेत सोयाबीनच्या दुधात कालवलेले रंग भरायचे. खळ धुतली की पांढऱ्या रेघा उमटतात. वरच्या भागात घराण्याचे चिन्ह, खाली वीरपुरुष.

आता तो दाढीवाला. त्याचे नाव शोकी. कथा मूळची चीनमधली. तांग वंशाचा सम्राट श्वानझोंग तापाने फणफणला होता. स्वप्नात शोकीने त्याला छळणाऱ्या भुताला पकडून मारले आणि सम्राट जागा झाला तो बरा होऊनच. जपानमध्ये देवीची साथ घरोघरी मुले नेत असे, तेव्हा शोकीची लाल रंगातली चित्रे रक्षणासाठी जवळ ठेवत. म्हणजे त्या तलवारीचा रोख शत्रूवर नव्हे, आजारावर होता. आईबापांचे मागणे एवढेच, की आमचे मूल जगू दे.

पण अशा मागण्याचा उपयोग दुसरेही करून घेतात. मोमोतारो हा मुलांच्या लाडक्या गोष्टीतला वीर, निशाणांवरही दिसणारा. १९४५ साली जपानी नौदलाच्या पाठबळाने निघालेल्या एका चित्रपटात तो युद्धाच्या प्रचाराला जुंपला गेला. बाळाने वाचावे म्हणून ज्या वीरांची चित्रे काढली, त्यांच्याच नावाने मोठी झालेली मुले रणांगणावर धाडली गेली.

युद्ध संपल्यावर, १९४८ साली, ५ मे हा सर्व मुलामुलींचा 'बालदिन' ठरला. आईविषयी कृतज्ञता हाही त्याच्या उद्देशांपैकी एक. आता त्या दिवशी वाऱ्यावर बहुतेक कापडी मासेच पोहताना दिसतात.

जुनी निशाणे संग्राहकांकडे, संग्रहालयांत गेली. घराण्याचे चिन्ह वाचणारे जाणकार भेटतात, पण ज्याच्यासाठी ते कापड वाऱ्यावर चढले, तो मुलगा जगला का, हे कापड सांगत नाही. मुलांसमोर आपण कोणते वीर उभे करतो आणि कशासाठी, हा प्रश्न मात्र ते आजही विचारते.