'मिस्ट'वरील फिर्याद

'मिस्ट' हा संगणकावरील खेळ १९९३ साली प्रथम मॅकिंटॉशसाठी प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून त्याच्यावर एक फिर्याद सातत्याने गुदरली जात आहे: हा खेळच नव्हे, हा स्थिरचित्रांचा संग्रह आहे, माउसने टिचकी मारावी, एक चित्र जाते, दुसरे येते. यातील वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. रँड व रॉबिन मिलर या बंधूंनी आपल्या मोजक्या सहकाऱ्यांसह हायपरकार्ड या साधनात सुमारे अडीच हजार चित्रे एकमेकांस जोडून हे निर्जन बेट उभे केले, आणि ती चित्रे बहुतांशी जागची हलत नाहीत.

परंतु वस्तुस्थिती खरी असली म्हणून तीवरून काढलेला निष्कर्षही खरा ठरतो असे नाही. तत्कालीन सीडीरॉमच्या मंद गतीने ही स्थिरता लादली हे कबूल; पण लादलेल्या बंधनातूनच पद्धती निर्माण करणे, हे अव्वल दर्जाच्या कारागिराचे लक्षण होय. ग्रंथालयातील नकाशावरून मनोरा योग्य दिशेस फिरवावा, त्या मनोऱ्यात चढून दोन वाजून चाळीस मिनिटे ही वेळ वाचावी, किनाऱ्यावरील दोन चाकांनी पाण्यात उभ्या असलेल्या घड्याळाचे काटे त्या वेळेवर आणावेत, आणि बटण दाबताच पाण्याखालून वर आलेल्या दातेरी चाकांच्या पाठीवरून त्या घड्याळापर्यंत चालत जावे: एवढा व्यवहार एका शब्दाच्या सूचनेवाचून पार पडतो, कारण अचल चौकट डोळ्याला भटकू देत नाही आणि काय पाहावयाचे ते निमूटपणे पुढे ठेवते. पुढे २००० साली 'रिअलमिस्ट' या आवृत्तीत हेच बेट मनसोक्त हिंडण्याजोगे झाले. हिंडण्याची सोय झाली खरी. पण पूर्वीच्या चौकटीने ज्या वस्तूवर बोट ठेवले असते, ती आता झाडाझुडपांच्या गर्दीत शोधत बसावी लागते.

दुसरा आक्षेप असा की, येथे माणसे नाहीत, म्हणून कथाही नाही. हा आक्षेप मला अधिक उथळ वाटतो. तांबड्या आणि निळ्या पुस्तकांत कोंडलेले सिरस व अकेनार हे दोघे भाऊ, खेळाडूने शोधून आणून घातलेल्या नव्या पानागणिक अधिकाधिक स्पष्ट होणाऱ्या आवाजात, एकमेकांवर अपराध ढकलीत असतात. आणि त्यांच्या कैफियतींचा निवाडा करण्यास लागणारा पुरावा निरनिराळ्या युगांतील, म्हणजे बेटावरून गाठावयाच्या जगांतील, त्यांच्या दालनांत पडलेला असतो. सिरसच्या खोलीतील उंची सामान आणि अकेनारच्या खोलीतील छळाची साधने पाहिल्यावर कोणत्या साक्षीदाराची उणीव भासते? त्याच वर्षाच्या अखेरीस 'डूम' बाजारात आला व बंदुकीचे राज्य सुरू झाले. पण ज्या खेळात मरण नाही आणि घाईही नाही, तो 'मिस्ट' २००२ मध्ये 'द सिम्स'ने मागे टाकीपर्यंत संगणकावरील सर्वाधिक खपाचा खेळ राहिला. हा खप केवळ नव्या तबकडीच्या अपूर्वाईचा, असे म्हणणाऱ्यांनी त्याच काळात विस्मृतीत गेलेल्या तबकड्यांचाही हिशेब द्यावा.

आता भक्तांकडे वळू. कारण ते या खेळाची सर्व वैगुण्ये 'काठिण्य' या सदरात जमा करून मोकळे होतात. बेटावरील अंतराळयानातील पाच स्वर कानाने जुळवावयाचे असतात. ज्याला स्वरज्ञान नाही, अथवा ज्याला ऐकूच येत नाही, त्याची बुद्धी कितीही तल्लख असो, तेथे त्याचा इलाज खुंटतो. एका वेळी एकच पान हाती घेता येते, सबब दोन्ही भावांची पाने हवी असतील तर प्रत्येक युगाची वारी दुबार करावी लागते, आणि कोडी आधीच सुटलेली असल्यामुळे दुसऱ्या वारीत निव्वळ पायपीट उरते.

सर्वांत मोठा दोष मात्र सेलेनिटिक युगातील भुयारी चक्रव्यूहाचा. तेथील गाडी प्रत्येक थांब्यावर एक ध्वनी काढते, आणि तो ध्वनी पुढची दिशा दाखवितो. योजना चतुर आहे. परंतु कोणता ध्वनी कोणत्या दिशेचा, हे शिकावयाचे ते यांत्रिक युगातील फिरत्या किल्ल्यात, आणि युगांचा क्रम तर खेळाने खेळाडूच्या मर्जीवर सोपविलेला! जो सेलेनिटिक युगात आधी उतरला, त्याने कागदावर एकेक फाटा नोंदवीत अंधारात चाचपडावे. हा दुवा दुसऱ्याच युगात ठेवला आहे, हे त्या भुयारात त्याला कोणीही सांगत नाही.