ही तर 'कमवा आणि शिका'!

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटात झालंय. ऱ्हस्व-दीर्घाचं काय ते संपादकांनी बघून घ्यावं!

माझ्या रूममेटचे बाबा तासगावची द्राक्षबाग गहाण टाकायला निघालेत. कशासाठी? तर पोरीला परदेशात एमएस करता यावं म्हणून. सांगलीतल्या एका कन्सल्टंटकडे मीही तिच्याबरोबर गेले होते. सहा देशांची माहितीपत्रकं मिळाली. मी विचारलं, "आणि पीएचडी?" तो हसला, "त्यात काय मिळणार, मॅडम?" कुणाला काय मिळणार, ते काही त्याने सांगितलं नाही.

मग मी फ्रान्सची माहिती काढली. तिथे विज्ञान-अभियांत्रिकीत पीएचडी करणारा बहुधा चक्क नोकरदार असतो! तीन वर्षांचा करार, पगारी रजा, आरोग्यविमा. सरकारी करारात 2025 मध्ये किमान पगार महिना 2200 युरो होता, कपातीआधी; 2026 पासून 2300. फी वर्षाला साधारण 400 युरो. 2019 मध्ये युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांची पदवी आणि मास्टर्सची फी वाढवली, पण पीएचडी त्यातून वगळली. आपल्यासारख्यांसाठी तर 1981 पासून 'सिफ्र' नावाची योजना आहे. पगार कंपनी देते आणि संशोधन कंपनी आणि लॅब मिळून होतं.

सुट्टीत साताऱ्याला गेल्यावर हे आजोबांना सांगितलं. ते छत्रपती शिवाजी कॉलेजचे, म्हणजे कर्मवीर अण्णांनी 1947 साली काढलेल्या कॉलेजचे विद्यार्थी. सकाळी शेतात राबायचं, मग तासाला बसायचं. ते म्हणाले, "पगार देत्यात व्हय? मग ही आपली कमवा-शिकाच की!"

आता कन्सल्टंट लपवतो तसं मी काही लपवत नाही. नुसत्या बीईवर सहसा भागत नाही, मास्टर्स लागते. ती 'गेट' देऊन इथेच करावी असं माझं मत. महिना 12,400 रुपये मिळतात, बाग गहाण पडत नाही. काही लॅब संवेदनशील विषयांच्या असतात. तिथे निवड झाल्यावरही सुरक्षेची परवानगी यावी लागते, त्यात दोन महिने जाऊ शकतात. लॅबमध्ये इंग्रजीवर निभावतं, पण घरमालकापुढे माझं कॉन्व्हेंट काय कामाचं? आणि पुढचा पोस्टडॉक म्हणजे पुन्हा वर्ष-दोन वर्षांचा करार. कायमच्या जागा मोजक्या आणि त्यांना स्पर्धा प्रचंड.

आईने बोटांवर हिशेब केला. बीई, एमटेक, पीएचडी... "सत्तावीस!" एवढंच म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. तो विषय आमच्याकडे अजून मिटलेला नाही.

रूममेटला हे सगळं पटलंय. पण बँकेत सोमवारी सह्या आहेत आणि बाबांना फोन करायचं ती रोज उद्यावर ढकलतेय.