टेकडीवर एन्ट्री करावी लागत नाही

गेल्या रविवारी आमच्या वाकडच्या सोसायटीच्या बागेत एक प्रकार झाला. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींबरोबर त्यांची मुलगी आली होती. ती माझ्या लेकीच्या शेजारच्या झोपाळ्यावर बसली, तर वॉचमनने तिला उठवलं. "साहेब, रूल आहे ना!" मी गप्प. कारण 'अ‍ॅमेनिटीज फक्त रहिवाशांसाठी' हा रूल पास करताना मीपण हात वर केला होता. मेन्टेनन्स आपण भरतो, मग चुकलं काय? तेव्हा अगदी लॉजिकल वाटलं होतं.

संध्याकाळी लेकीला घेऊन निगडीला दुर्गा टेकडीवर गेलो. माझं बालपण त्याच भागातलं. बाबा पिंपरीत एका कंपनीत होते. त्यांची सुट्टी गुरुवारी. (पिंपरी-चिंचवडमध्ये कारखान्यांचा रविवार गुरुवारी येतो, हे आम्हा आयटीवाल्यांना समजावून सांगावं लागतं!) त्यांचे साहेबही याच टेकडीवर फिरायला यायचे. साहेबांची पोरं आणि आम्ही एकाच धुळीत लोळायचो.

परवाही तेच दृश्य. झाडी, देवीचं देऊळ, जवळच अप्पूघरचा कल्ला. कन्यारत्नाने अर्ध्या तासात एक मैत्रीण जमवली. ती कुठली, कोणाची, काही कळलं नाही. विचारायचं सुचलंही नाही.

आता मुद्द्याचं. १९७२ साली इथे नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, ते कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून. सेक्टर पाडले, रस्ते आखले, बागांना जागा ठेवली. सगळं जमलं असं नाही, पण बाग ही गावाची गोष्ट आहे, हे त्यात गृहीत होतं. पुढे २०२१ मध्ये ते प्राधिकरणही विलीन झालं. दरम्यान एमआयडीसीने हिंजवडीत आयटी पार्क उभारलं, आम्ही हजारोंनी आलो आणि आमच्या बागा बिल्डरने दिल्या. गेटच्या आत! आमच्या रस्त्यावर चार सोसायट्या, चार स्विमिंग पूल, चार क्लबहाऊस. आणि बाहेर दोन मिनिटं टेकायला एक बाकडं नाही.

सेफ्टीचं काय, असं तुम्ही म्हणाल. पटतं. गेट काढून टाका असं मी म्हणतच नाहीये. पण गेटच्या आत सगळं मिळालं की बाहेरच्या बागेसाठी भांडायला कोणी उरत नाही. आवाज असलेली माणसं आत, गरज असलेली बाहेर. खरा लोचा इथे आहे.

म्हणून येत्या एजीएममध्ये मी दोन विषय मांडणार आहे. एक, कामाला येणाऱ्यांच्या मुलांना बाग खुली करायची. दोन, आपल्या भागात बागेसाठी आरक्षित प्लॉट कुठे आहेत आणि तिथे आज काय आहे, हे सोसायटीने महापालिकेला माहितीच्या अधिकारात विचारायचं. शिव्या पडतील बहुतेक. असो.

सोमवारी मावशी आल्या. एकट्याच.