हिरवा शेंबूड आणि अँटिबायोटिक
मुलांचा सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि विषाणूंवर अँटिबायोटिकचा काडीचाही परिणाम होत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड हिरवट होतो तो पांढऱ्या पेशींमुळे. त्या रंगावरून औषध ठरवणे चूकच. स्ट्रेप्टोकोकसने सुजलेल्या घशाची गोष्ट वेगळी: तिथे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन सहसा पूर्ण 10 दिवस द्यावे लागते, नाहीतर पुढे रुमॅटिक फीव्हर होऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. जिवाणूंचा न्यूमोनिया, टायफॉइड, लघवीमार्गाचा जंतुसंसर्ग यांतही टाळाटाळ नको. पावडरीत पाणी घालून केलेले अँटिबायोटिकचे पातळ औषध मात्र आठवड्या-दोन आठवड्यांतच निकामी होते. फ्रिजच्या दारात जपलेली थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला पाजणे ही काटकसर नव्हे, मग ती जपणारी आजी कितीही अनुभवी असो.