बायांचं काम तपासायचं तर बायांना विचारा

होळीच्या थोडं आधी आमच्या पाड्यावर दोन गाड्या आल्या. तालुक्यात एक संस्था परदेशी पैशावर 'स्त्री-पुरुष समानता' नावाचा कार्यक्रम चालवते, त्याची तपासणी होती. पाहुणे शाळेच्या ओट्यावर बसले. संस्थेच्या लोकांनी तीन वर्षांचे हजेरीचे कागद पुढे केले. पाहुण्यांनी सह्या-अंगठे मोजले, बायांना रांगेत उभं करून फोटो काढला. मग विचारलं, ट्रेनिंगचा फायदा झाला का? बाया म्हणाल्या, झाला. दुसरं काय म्हणणार? समोर पाहुणे, बाजूला संस्थेचे लोक, मागे नवरे उभे. तासाभरात गाड्या गेल्या. पाड्यातल्या निम्म्या बाया तर तेव्हा जगायला गेल्या होत्या, वीटभट्टीवर. त्यांना कोणी विचारलंच नाही.

आमचा त्या संस्थेवर राग नाही. वनहक्काच्या पट्ट्यावर बायकोचंही नाव लागतं, हे आमच्यातल्या कित्येक जणींनी पहिल्यांदा त्यांच्याच शिबिरात ऐकलं. खोटं कशाला बोलायचं? पण शिबिर झालं हे मोजून कळतं, त्याने काय बदललं हे कळत नाही. नाव लागलं का, हा प्रश्न ओट्यावर निघालाच नाही.

तो प्रश्न आम्ही मग स्वतःच विचारला. घरोघर जाऊन पेटीतले पट्टे काढून पाहिले. 2006 च्या कायद्यात कलम 4 (4) मध्ये स्पष्ट आहे की लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने व्हायला पाहिजे, आणि एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावाने. पट्ट्याच्या नमुन्यात पहिल्याच ओळीत जोडीदाराचं नाव लिहायचं आहे. तरी बऱ्याच पट्ट्यांवर ती जागा कोरी दिसली.

का कोरी? एका घरची गोष्ट सांगतो. बाई वीस वर्षं त्या माणसाबरोबर नांदली, प्लॉटवर नाचणी-वरई लावली, जंगलखात्याच्या दंडाच्या पावत्या तिनेच जपून ठेवल्या. दावा भरताना कचेरीत लग्नाचा दाखला मागितला. आपल्याकडे दाखला कुठून येणार? लग्नाचा खर्च जमत नाही म्हणून जोडपी घरोबा करून राहतात, पोरांच्या मांडवात आईबापाचंही लग्न लागतं. धवलेरीने लावलेल्या लग्नाचासुद्धा कागद नसतो. तिचं नाव राहिलं. आता माणूस वारला आणि दीर विचारतो, तू कोण? शिबिराच्या हजेरीवर तिचा अंगठा आहे. म्हणजे परदेशात गेलेल्या अहवालात ती फायदा झालेली बाई आहे.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. आफ्रिकेत रवांडा नावाचा छोटा देश आहे. तिथल्या सरकारने परदेशी मदत घेऊन देशातली सगळी जमीन लोकांच्या नावावर नोंदवायला घेतली. 2013 पर्यंत एक कोटीहून जास्त तुकडे नोंदले. पण त्याआधी त्यांनी मोजक्या ठिकाणी काम करून पाहिलं आणि त्याची नीट तपासणी केली. त्यात दिसलं की ज्या बायांच्या लग्नाची सरकारी नोंद होती त्यांचा हक्क पक्का झाला. ज्यांची नव्हती, त्यांचा हक्क उलट कमी झाला. तपासणाऱ्यांनी सगळ्या बायांची एकच बेरीज केली असती तर कार्यक्रम छान चाललाय असंच दिसलं असतं. त्यांनी दोघींना वेगळं मोजलं म्हणून खोट सापडली आणि देशभर जाण्याआधी नोंदणीच्या पद्धतीत फेरफार झाले. आम्ही म्हणतो ती तपासणी अशी.

त्याच बाजूला इथिओपिया आहे. तिथे टिग्रे भागात सुरुवातीला जमिनीचे दाखले घरच्या कर्त्याच्या नावाने दिले. पुढे अम्हारा भागात दाखल्यावर नवरा-बायको दोघांची नावं आणि दोघांचे फोटोही लावले. अक्षर न येणाऱ्या बाईलाही आपला फोटो ओळखता येतो. एवढी साधी युक्ती आहे, पण ती सुचायला बाई कागदाकडे कशी बघते हे माहीत असावं लागतं.

2015 साली संयुक्त राष्ट्रांत सगळ्या देशांनी मिळून जी ध्येयं ठरवली, त्यातलं पाचवं बाईच्या बरोबरीचं आहे. शेतजमिनीवर किती बायांचा हक्क आहे हे त्यात मोजायचं ठरलं आहे. चांगलंच आहे. पण नाव लागल्यावरही पट्टा कोणाच्या पेटीत असतो, प्लॉटवर काय पेरायचं हे कोण ठरवतो, उद्या धरणात नाहीतर रस्त्यात जमीन गेली तर भरपाई कोणाच्या खात्यावर पडेल, हे आकड्यात दिसत नाही. त्यासाठी चुलीपाशी बसावं लागतं, आणि तेही घरातले पुरुष बाहेर असताना.

आता आपलंही बोलू. आपली संघटना तरी काय वेगळं करते? मोर्चात किती बाया आल्या हे आपण पत्रकात मोठ्या अक्षरात छापतो. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया पाहिजेत, म्हणून नावं लिहिली. पण किती ठिकाणी इतिवृत्त नवरा घरी घेऊन येतो आणि बाई चुलीपुढे अंगठा देते? मोजणीला जीपीएस घेऊन प्लॉटवर पुरुषच फिरतात. हे लिहिल्यावर काही दादा लोक रागावतील. रागवू द्या, पण आधी आपल्या पाड्याचं रजिस्टर उघडून बघा.

आमचं मागणं असं आहे. कोणतीही संस्था कामाला आली की काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत बसून आजची स्थिती लिहून घ्यावी, नाहीतर पुढे कशाशी ताडून बघणार? तपासणी दिवाळी ते होळी करू नये, लोक जगायला गेलेले असतात. विचारणारी बाई असावी, आपली बोली समजणारी, आणि तिच्याबरोबर त्या संस्थेचं कोणी नसावं. विधवा, टाकलेली, दाखला नसलेली, यांना वेगळं मोजावं. दोन-तीन वर्षांनी परत यावं. आणि जे लिहिलं ते आधी पाड्यात वाचून दाखवावं, मग साहेबाकडे पाठवावं. आमच्याबद्दलचा अहवाल आम्ही अजून एकदाही पाहिलेला नाही.

कोऱ्या जागेचं काम मात्र संस्थेची वाट बघत थांबवायचं नाही. दाव्याची पहिली तपासणी कायद्याने ग्रामसभेकडेच आहे आणि कोण कोणाबरोबर नांदतं हे ग्रामसभेइतकं कोणाला माहीत? म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या, ठराव करा, नाव लावायचा अर्ज ठरावासोबत द्या. ज्या पाड्यांनी पट्टे तपासले असतील त्यांनी जोडीदाराची जागा कोरी असलेल्यांची यादी पुढच्या बैठकीला आणावी. यादी बायांनीच करावी. दीर विचारतो त्या बाईचा अर्ज आम्ही पहिला लिहून ठेवला आहे.